नवऱ्याच्या नावावरची दारू

मला दारूची ओळख माझ्या सासूबाईंनी करून दिली, आणि तीही चमच्यानं. मुलगी झाली तेव्हा डिंकाचे लाडू, अळीव आणि शेपूची भाजी यांच्या जोडीला घरात ब्रँडीची एक चपटी बाटली आली. बाळंतिणीच्या अंगात ऊब हवी, असं सासूबाईंचं म्हणणं. देवळालीच्या लष्करी कॅम्पात ओळख असलेल्या कुणीतरी ती आणून दिली होती. सासूबाईंनी ती औषधांच्या फळीवर, ओव्याच्या अर्काशेजारी ठेवली आणि त्या क्षणापासून ती दारू राहिली नाही. आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूणही चालत नसे. पण जी वस्तू चमच्यानं घेतात तिला धर्माची हरकत नसते.

चमच्याची वाटी व्हायला आठ वर्षं लागली. मी घाई केली नाही. सर्दी झाली, पाठ दुखली, पावसात भिजले, की फळीकडे हात जायचा. सासूबाई गेल्या, त्यांची ओव्याची बाटली गेली, ब्रँडीची तेवढी राहिली. ती रिकामी झाली की पुन्हा भरायची जबाबदारी मी घेतली. घरातल्या रीतीभाती सुनेनंच सांभाळायच्या असतात.

नव्वदच्या सुमारास नाशिकमध्ये बाईनं दुकानात जाऊन दारू मागणं म्हणजे काय, हे आजच्या मुलींना कळणार नाही. मी हातात एक चिठ्ठी घेऊन जायची आणि ती अडखळत वाचून दाखवायची, म्हणजे कुणा पुरुषानं लिहून दिलंय आणि मला बिचारीला त्यातलं काही कळत नाही असं वाटावं. चिठ्ठी अर्थात माझ्याच अक्षरात असायची. पुढे स्कूटीवरच्या मुलींनी तोंडाला स्कार्फ गुंडाळायची पद्धत आणली. कुणी म्हणालं धूळ फार, सिंहस्थासाठी सगळे रस्ते खणलेत. कुणी म्हणालं मुली बिघडल्या. मी मात्र त्या कापडाची जन्मभर ऋणी आहे. दोन डोळे सोडले तर मी कुणीही असू शकत होते. एका आठवड्यात सिडको, पुढच्या आठवड्यात नाशिकरोड, असा माझा दौरा असे. पंचवटीत मात्र मी कधीच घेतली नाही. माणसाला काही तत्त्वं असावी लागतात.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल होते. तिथे कुणा दानशूरानं भेट दिलेलं, जनगणनेच्या जुन्या अहवालांचं एक कपाट होतं. माझी बाटली त्या अहवालांच्या मागे राहायची. अकरा वर्षांत देशात किती माणसं आहेत हे जाणून घेण्याची इच्छा एकाही विद्यार्थ्याला झाली नाही. ग्रंथालयात झाडायला येणारी बाई सुरगाण्याकडची होती. एकदा कपाटाखालून केरसुणी फिरवताना तिला वास आला असावा. ती सरळ म्हणाली, "आमच्याकडं सणाला बायापण घेतात, मोहाची. तुमच्यात नाय का घेत?"

"नाही," मी म्हटलं.

"अरेरे," ती म्हणाली आणि पुढे झाडत गेली.

हे सगळं असंच चाललं असतं. पण एका दुपारी मी त्या कपाटाजवळच्या शिडीवरून पडले आणि खांद्याचं हाड मोडलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं हाड बसवलं, रक्त तपासलं, माझा श्वास हुंगला, आणि मग मला बाहेर बसवून माझ्या नवऱ्याशी बोलला. हाड माझं, यकृत माझं, पण बातमी नवऱ्याला. यकृत अजून सावरेल, पण फार वेळ थांबणार नाही, असं त्यानं सांगितलं म्हणे. आणि एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला: दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या लोकांचा एक गट, शरणपूर रोडच्या बाजूला, एका शाळेत, दर गुरुवारी संध्याकाळी सहाला.

माझा नवरा एका शाळेत गणित शिकवायचा. तो दारूच काय, बाहेरचा चहाही प्यायचा नाही. आमच्यात या विषयावर आजवर एक शब्द झालेला नव्हता. माझी समजूत अशी, की त्याला काही ठाऊकच नाही; तो आपला वह्या तपासत असतो. रिक्षात त्यानं ती चिठ्ठी घडी घालून माझ्या चांगल्या हातात ठेवली आणि म्हणाला, "बघ."

बस. अकरा वर्षांची चर्चा संपली.

गुरुवारी मी एकटी गेले. इथे मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. ती त्या मंडळींची अट आहे आणि माझी सोय. येताना रिक्षात मी एक वाक्य पाठ केलं होतं. साधं, सुटसुटीत, एकही विशेषण नसलेलं. अशा ठिकाणी काय बोलायचं असतं ते मी वाचलं होतं, कारण मी सगळंच आधी वाचते. चौथीच्या वर्गाच्या दारात पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उभे होते. तेच अध्यक्ष होते. मी तोंड उघडायच्या आत ते अतिशय अदबीनं म्हणाले, "या ताई. मिसेस लोकांची मिटिंग पलीकडे असते. बालवाडीत."

मी चौथीच्या वर्गात डोकावले. लहान बाकांवर वीसेक मोठे पुरुष गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मी पाठ केलेलं वाक्य गिळलं आणि बालवाडीत गेले. खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. ते खोटं एखाद्या रिकाम्या खुर्चीसारखं तिथे मांडून ठेवलं होतं, मी फक्त बसले.

बालवाडीत सात-आठ बायका होत्या, बुटक्या रंगीत खुर्च्यांवर. भिंतीवर अननसाचा अ. यांचे नवरे पलीकडे. काही सुटलेले, काही सुटता सुटता पुन्हा चिकटलेले. त्यांच्या म्होरक्या होत्या मखमलाबादकडच्या एक काकू. त्यांचा मळा होता, कोथिंबीर-मेथी आणि झेंडू. येताना भाजीचा वास घेऊन यायच्या. त्यांचा नवरा नऊ वर्षं कोरडा होता आणि त्या नऊ वर्षांचं श्रेय काकू स्वतःकडे, देवाकडे आणि एका कुऱ्हाडीच्या दांड्याकडे सारखं वाटून द्यायच्या.

"बसा मास्तरीणबाई," नवरा काय करतो ते विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या. "किती वर्षं झाली त्यांना?"

"अकरा," मी म्हटलं. आकडा तरी खरा होता.

"मारत्यात का?"

"नाही हो."

"मग बरंय तुमचं," एक बाई म्हणाली. तिच्या आवाजात थोडी निराशाही होती.

पुढचे तीन महिने मी दर गुरुवारी बालवाडीत गेले आणि माझी दारू नवऱ्याच्या नावावर सांगितली. मला वाचनाची सवय. गोष्ट रचायला वेळ लागत नाही. जनगणनेचे अहवाल काढून तिथे भूमितीच्या मोठ्या लाकडी कंपासचं कपाट घातलं. स्कार्फचं हेल्मेट केलं. चिठ्ठी तेवढी काढून टाकली, कारण पुरुषाला ती लागत नाही. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ज्या गुरुवारी मी काही सांगायची नाही त्या गुरुवारी विचारायच्या, "मग, मास्तरांनी काय केलं या आठवड्यात?" आयुष्यात पहिल्यांदा मला असे ऐकणारे लोक मिळाले होते. कॉलेजातल्या साहित्यमंडळाच्या उद्घाटनाला मी तासभर बोलले होते तेव्हा दोन प्राध्यापक झोपले होते.

फक्त एक अडचण होती. मी पीतच होते. गुरुवारी जाताना नाही घ्यायची. आल्यावर फळीवरची घ्यायची, आणि थोडी जास्त, कारण दिवसभराची राहिलेली असायची.

आणि काकू. त्या एकदा मिटिंग संपल्यावर मला फाटकाशी गाठून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, एक इचारू का? तुमचा नवरा लय येगळा पितो."

"म्हणजे?"

"आमचा पिऊन आला की आळी गोळा व्हायची. तुमचा पिऊन आला की भांडी घासतो म्हन्ता. वेलदोडा खातो. देवाची निरांजनं उजळतो." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "चाळीस वरसं झाली मला गडी मानसं बघून. असा एक बी नाय बघितला."

मी म्हटलं, शिक्षक आहेत, जरा नेटके आहेत. काकू "असंल, असंल" म्हणाल्या आणि टेम्पोत चढल्या.

त्या गटाची एक पद्धत होती. कुणी घरी पीत असेल आणि मिटिंगला येत नसेल, तर सुटलेल्यांपैकी दोघांनी त्याच्या घरी जायचं. भाषण द्यायचं नाही, आपलं सांगायचं, चहा घ्यायचा आणि निघायचं. पद्धत चांगली आहे. मला ती पुस्तकातून माहीत होती, पण ती माझ्या घरी येईल हे डोक्यात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. दारात काकूंचे यजमान आणि सटाण्याकडचे एक कांद्याचे व्यापारी. दोघेही इस्त्रीचे कपडे घालून, मुलगी बघायला आल्यासारखे. मी पोहे करायला आत पळाले आणि दाराआडून ऐकत राहिले.

नवरा बनियनवर होता. त्यानं घाईनं शर्ट चढवला. पाहुणे बसले, पंख्याकडे बघितलं, पावसापाण्याचं बोलले. मग व्यापारी खाकरले. "मास्तर, लाज कसानी? आजार शे. मी सतरा वर्षं पेलो. मना बाप पेला. तुमन्यासारखा शिकेल माणूस पेतो ते आम्हले नवल नई वाटत."

काकूंचे यजमान म्हणाले, "तुमी एकटे नाय. मी बी गटारीत पडलेला हाय. तुमी तर भांडी घासता. तुमचं लवकर जमंल."

मी कढईत मोहरी जळू दिली. आता तो म्हणेल, काहीतरी गैरसमज झालाय. आणि मग तो आत माझ्याकडे बघेल, आणि ते दोघेही बघतील. नवऱ्यानं आत बघितलं. कढईतून धूर निघत होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"किती दिवस लागतात सुटायला?" त्यानं विचारलं.

पोहे मी जळकेच दिले. दोघांनी तक्रार न करता खाल्ले. दारू सुटलेली माणसं खाण्याच्या बाबतीत उदार असतात. गुरुवारी येतो, असा शब्द माझ्या नवऱ्यानं दिला.

ते गेल्यावर मी म्हटलं, "अहो, तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"तू का नाही सांगितलंस?"

मी पोह्यांच्या बश्या गोळा करायला लागले.

मग त्यानं मला ते नीट, पायऱ्या दाखवून समजावलं, जसं तो त्रैराशिक समजावतो. त्याच्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी होत होती. ज्येष्ठता त्याची होती. पण नेमणूक संस्था करणार, आणि संस्थेचे अध्यक्ष चारित्र्यावर दर पंधरा ऑगस्टला चाळीस मिनिटं बोलत. मास्तर पितो, हे त्यांना कळलं तर ते म्हणतील, वाईट झालं, पण सुधारतोय. एखाद्या वेळी पुढच्या भाषणात उदाहरण म्हणूनही घेतील. मास्तरांची बायको पिते, हे कळलं तर काय म्हणतील?

"काय?"

"काही म्हणणार नाहीत. हसतील."

"म्हणजे तुम्हाला बेवडा म्हटलेलं चालेल."

"तुझ्यापेक्षा मला म्हटलेलं बरं दिसतं," तो म्हणाला. "तू शांतपणे बरी हो. मी गुरुवारी जाऊन बसतो. दोन वाक्यं बोलतो. कुणाला काही कळत नाही."

मला त्याचा राग आला आणि त्याचा हिशोब बरोबर आहे हेही कळलं. फक्त त्यातली एक पायरी चुकली होती: मी शांतपणे बरी होत नव्हते. मी शांतपणे पीत होते, आणि आता तर ती सोय त्यानं पक्की करून दिली होती. डॉक्टरनं माझ्या यकृताला दिलेली मुदत माझ्या नवऱ्याच्या सभ्यपणात संपणार होती.

तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं, असं ते दर मिटिंगच्या शेवटी एकमेकांना बजावतात. पण व्यापाऱ्यांचे मेहुणे त्या संस्थेच्या कार्यकारिणीत होते, आणि नाशिकमध्ये गुप्त गोष्टीला पत्ता विचारायची वेळ येत नाही, लोक स्वतःहून तिला घरपोच सोडतात. बुधवारपर्यंत शाळेतल्या शिपायानं माझ्या नवऱ्याला लिंबूपाणी आणून दिलं होतं, न मागता.

गुरुवारी आम्ही दोघं स्कूटरवर गेलो. तो चौथीत गेला, मी बालवाडीत. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

दोन्ही वर्गांच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती, छतापर्यंत न पोचणारी. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. बायकांचा एक रिवाज होता: आपला नवरा बोलायला उठला की त्या बाईनं हात वर करायचा, आणि मग आम्ही सगळ्या तोंडातली खारीसुद्धा न चावता ऐकायचो. पलीकडच्यांना हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मला वाटतं, ठाऊक होतं, आणि म्हणूनच काही जण इतकं चांगलं बोलायचे.

"मी गणिताचा शिक्षक," पलीकडून आवाज आला. वर्गात बोलायचा तोच आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. काकूंनी माझा हात धरून वर केला.

"अकरा वर्षं पितो. सुरुवात औषधाच्या फळीवरच्या ब्रँडीनं. आईनं आणलेली होती. ती कमी झालेली कळू नये म्हणून मी बाटलीत पाणी घालायचो."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बालवाडीतही नाही.

"नंतर बाटली कामाच्या ठिकाणी ठेवायला लागलो. जुन्या अहवालांचं एक कपाट आहे, तिथे कुणी जात नाही. शनिवारी अर्धा दिवस असतो, त्या दिवशी आठवड्याच्या बाटल्या आणायचो. दर वेळी दुकान वेगळं. येताना भाजी घ्यायचो, म्हणजे उशीर का झाला ते सांगावं लागत नाही. आमच्याकडे शनिवारी नेहमी मेथी असते." जरा थांबून तो म्हणाला, "घरी आल्यावर भांडी घासायची. घासलेली असली तरी. साबणाचा वास लागतो हाताला."

पलीकडे कुणीतरी हसलं.

"मुलगी पुण्याला शिकते. तिचं पत्र आलं की संध्याकाळी वाचायचं, आणि सकाळी पहिल्यांदाच वाचतोय असं दाखवून पुन्हा वाचायचं. कारण संध्याकाळचं आठवत नाही."

"घरात ठाऊक होतं का, सर?" अध्यक्षांनी विचारलं.

"होतं. पहिल्यापासून."

"मग मिसेस काही बोलल्या नाहीत?"

"नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. आणि उत्तर मिळाल्यावर काय करायचं, ते ठाऊक नव्हतं."

बालवाडीत सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी अननसाकडे बघत होते. मी इतकी वर्षं समजत होते की हा माणूस वह्या तपासतोय.

"रोज किती?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाव बाटली," माझा नवरा म्हणाला.

आता, हे चूक होतं. अर्धी होती. गेली चार वर्षं अर्धी होती. बाकीचं सगळं इतकं बिनचूक सांगून गणिताच्या मास्तरानं इथे निम्म्यानं चुकावं, हे मला सहन झालं नाही. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, की वीस बेवड्यांसमोरही तो माझी थोडी अब्रू झाकत होता, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. मी उठले, ती लाल खुर्ची माझ्याबरोबर थोडी उठली, ती सोडवली, आणि चौथीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"पाव नाही," मी म्हटलं. "अर्धी. आणि ते पीत नाहीत. मी पिते."

रिक्षात पाठ केलेलं ते सुटसुटीत वाक्य यापेक्षा पुष्कळ चांगलं होतं.

वीस माना वळल्या. व्यापाऱ्यांची खारी चहात पडली. सवय इतकी वाईट असते, की अध्यक्ष उठून अदबीनं म्हणाले, "ताई, मिसेस लोकांची मिटिंग—"

"पलीकडे आहे. मी तिथूनच आले."

तेवढ्यात फळ्यांच्या भिंतीवरून काकूंचा आवाज आला. "अवो अध्यक्ष, तिला बसाया जागा द्या की! का उभ्या उभ्याच बरी व्हनार हाय ती?"

जागा देण्यावरून वीस मिनिटं चर्चा झाली. एकानं मुद्दा काढला, की बाईमाणसासमोर मोकळेपणी बोलता येणार नाही. म्हणजे बायकोला कसं मारलं ते बाईसमोर सांगायला त्याला संकोच वाटत होता. मारताना ती समोरच होती हे तो विसरला होता. दुसऱ्यानं वेगळी समिती सुचवली. महाराष्ट्रात चार माणसं एकत्र आली की समिती होते. प्यायलेली असोत की सुटलेली. शेवटी काकूंचे यजमान सरकून बसले आणि त्यांनी बाकाचा रिकामा भाग हातानं झाडला. मी बसले.

मग प्रश्न उरला माझ्या नवऱ्याचा. तो पीत नाही हे सिद्ध झाल्यावर त्याला चौथीत बसायचा अधिकार राहिला नव्हता. त्याला बालवाडीत जावं लागलं. भिंतीपलीकडून मी ऐकलं ते असं:

"या मास्तर. ही निळी खुर्ची घ्या, ती लाल मोडकी हाय."

"धन्यवाद."

"आता खरं सांगा. मारती का?"

सगळा वर्ग हसत सुटला. मला वाटतं, माझा नवराही हसला, पण तो हसतो तेव्हा आवाज येत नाही, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही. निघताना काकू त्याला म्हणाल्या, "मास्तर, आता तुमी इचारा. रोज. मोठं भाषन नको. आज घेतली का, एवढंच. आनि उत्तर कायबी आलं तरी पळून जायाचं नाय."

तो आज्ञाधारक माणूस आहे. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या चहाला त्यानं विचारायला सुरुवात केली. हजेरी घ्यावी तसं, मान वर न करता. "आज?"

"नाही."

"बरं."

पाचव्या दिवशी मी "हो" म्हणाले. तो बराच वेळ कपाकडे बघत बसला, पण उठला नाही. "किती?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. "बरं," तो म्हणाला. त्या संध्याकाळी मी शरमेनं जेवढी मेले, तेवढी अकरा वर्षांच्या चोरीत मिळून मेले नव्हते. पुढचे नऊ दिवस "नाही" होतं.

दहाव्या दिवशी संस्थेची बैठक होती. निकाल काय लागणार ते मला सकाळीच कळलं होतं. कॉलेजातल्या लेखनिकाची बहीण त्या शाळेत होती. ज्याला आपलं घर सांभाळता येत नाही तो शाळा काय सांभाळणार, असं संस्थेचे अध्यक्ष म्हणाले होते. जागा ज्या गृहस्थांना मिळाली ते माफक घेत असत आणि बहुतेक वेळा अध्यक्षांच्याच बरोबर. दुपारी मी रजा टाकली, स्कार्फ बांधला आणि नाशिकरोडला जाऊन आले.

नवरा सहा वाजता घरी आला. चपला जागेवर ठेवल्या. डबा मोरीत ठेवला. चहा पुढे आला तेव्हा त्यानं कप हातात घेतला, आणि त्या दिवशी मान वर करून विचारलं, "आज?"

"अजून नाही. पण आणलीय."

पंखा फिरत होता. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"जागा गेली तुमची," मी म्हटलं. "माझ्यामुळे."

"हो."

'नाही गं, तसं काही नाही' असं त्यानं म्हणायला हवं होतं. दुसरा कुठलाही नवरा म्हणाला असता, आणि मी स्वयंपाकघरात गेले असते.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"पुष्कळ. नवीन वेळापत्रकसुद्धा करून ठेवलं होतं मी. दहावीला गणित पहिल्या तासाला, मुलं जागी असताना." त्यानं चहा संपवला. "कुठे ठेवलीयस?"

"तुम्हाला सगळं ठाऊक असतं ना. सांगा."

त्यानं विचार केला. "तांदळाच्या डब्यात."

"चुकलात."

"मग डाळीच्या."

"तूरडाळ की हरभरा?"

"तूर."

मी उठले, तूरडाळीचा डबा आणून त्याच्यापुढे ठेवला, आणि समोर बसले. झाकण त्यानं उघडलं नाही, मीही नाही. दोघांच्या मध्ये तो डबा होता, आणि दिवेलागणीला अजून अर्धा तास होता. त्यानं उठून दोघांसाठी पुन्हा चहा टाकला. चहा त्याला करता येत नाही. साखर निम्मीच पडली होती, ते मी त्याला सांगितलं, आणि तो भरलेला कप शेवटपर्यंत प्यायले.